आठ कॅमेरे, एक रेकॉर्डर: प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

इमारतीच्या सीसीटीव्हीसाठी नवीन काही घ्यायच्या आधी जुनं काय आहे ते आज पाहून घेतलं. इमारत दुमजली. खाली गोदाम आणि पार्किंग, वर कार्यालयं. आत यायला एक मोठं फाटक आणि मागे एक लहान दार. आठ चॅनेलचा डीव्हीआर, म्हणजे चित्र साठवणारा रेकॉर्डर, टीव्हीला असते तशी कोॲक्स केबल, जुन्या पद्धतीचे ॲनालॉग कॅमेरे. पडद्यावर सहा चौकटींत चित्र आहे, दोन काळ्या.

लाइव्ह चित्रावर फारसा वेळ घालवला नाही, थेट प्लेबॅक उघडला. सर्वांत जुनं रेकॉर्डिंग किती मागचं आहे, मधे खंड आहेत का, रात्री काय दिसतं आणि घड्याळ बरोबर आहे का, एवढंच बघायचं होतं. रेकॉर्डिंग जेमतेम आठवड्याचं निघालं. पार्किंगच्या चॅनेलवर रात्री मोठमोठे खंड आहेत. तिथं हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं असं लावलेलं आहे आणि एवढ्या अंधारात कॅमेऱ्याला हालचाल कळतच नाही. घड्याळ अकरा मिनिटं मागे.

ज्या घटनेवरून हे काम निघालं तिची क्लिप पेनड्राइव्हवर जपलेली आहे. फाटकातून एक जण दुसऱ्याची सायकल घेऊन निघून जातो. माणूस दिसतो, सायकल दिसते, चेहऱ्याच्या जागी करडा डाग. सायकलीचा मालक अजूनही भेटला की म्हणतो, ‘जरा झूम करून बघा ना.’ झूम का होत नाही ते इथं आकड्यांत लिहून ठेवतो. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र ७०४ बाय ५७६ पिक्सेलचं. फाटक कॅमेऱ्यापासून आठ मीटरवर आणि तेवढ्या अंतरावर त्याच्या चौकटीत साधारण अकरा मीटर रुंदी मावते. म्हणजे मीटरला जेमतेम ६४ पिक्सेल. माणसाचा चेहरा सुमारे १६ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याच्या वाट्याला दहा पिक्सेल आले. जे टिपलंच गेलं नाही ते मागाहून मोठं करून हाती लागत नाही. बिचाऱ्याला हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा पटलं.

८ फेब्रुवारी

आज इमारतीचा आराखडा घेऊन बसलो. कॅमेरा कुठे लावायचा हे ठरवण्याआधी प्रत्येक जागेसमोर एकेक प्रश्न लिहिला. फाटक: आत आलेला माणूस कोण? फाटकाचा रस्ता: गाडीचा नंबर काय? पार्किंग: कुठल्या गाडीजवळ कोण गेलं? गोदामाचं दार: उघडलं कधी, बंद कधी झालं? जिना: वर कोण गेलं? मागचं दार: इथून कुणी येतं-जातं का? ज्या जागेसाठी प्रश्नच सुचला नाही तिथला कॅमेरा यादीतून काढला. गच्चीवरचा असाच गेला. तो लावण्यामागे ‘सगळं दिसलं पाहिजे’ यापलीकडे काही कारण नव्हतं.

प्रश्न लिहिला की पिक्सेलचा हिशोब सोपा होतो. आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्याचे टप्पे दिले आहेत. कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल. कपडे, चाल, काय चाललंय ते समजायला ६२.५. ओळखीचा माणूस ओळखू यायला १२५. अनोळखी माणसाची ओळख खात्रीनं पटायला २५०. आपला जुना कॅमेरा दुसऱ्या पायरीवर होता आणि त्याच्याकडून अपेक्षा चौथ्या पायरीची होती.

फाटकाला २५० हवेत, पार्किंगला १२५ चालतील, मागच्या दाराला आणि गोदामाला ६३ पुरे.

१३ फेब्रुवारी

विकणारे मेगापिक्सेल सांगतात, लेन्स कितीची ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. खरा फरक तिथं पडतो. चार मेगापिक्सेलचा, २५६० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा २.८ मिलिमीटर लेन्सचा घेतला तर तो साधारण १०० अंशांचा पट्टा बघतो. आठ मीटरवर तो पट्टा १९ मीटर रुंद होतो. २५६० भागिले १९, म्हणजे मीटरला १३४. नवाकोरा कॅमेरा घेऊनही फाटकावर अनोळखी माणसाची ओळख पटली नसती. तोच कॅमेरा ६ मिलिमीटर लेन्सचा घेतला की पट्टा ५४ अंशांच्या आसपास येतो, रुंदी आठ मीटर आणि मीटरला जवळपास ३१५ पिक्सेल. चेहऱ्याला ५० पिक्सेल मिळतात. फाटकाचा रस्ता पाच मीटरचा आहे, त्यामुळे आठ मीटरची चौकट पुरून उरते.

कागदावरचं प्रत्यक्षात तपासायला एक व्हॅरिफोकल (चौकट रुंद-अरुंद करता येणारा) कॅमेरा तात्पुरता शिडीवर बांधला. सहकारी फाटकातून टोपी घालून चालत आला, मग मोबाइलमध्ये बघत खाली मान घालून आला. चार मीटर उंचीवरून टोपीचा वरचा भाग आणि नाकाचं टोक एवढंच दिसतं. अडीच मीटरवर आणल्यावर चेहरा समोरून मिळाला. उंचावर लावलेल्या कॅमेऱ्याला कुणी हात लावत नाही हे खरं, पण चेहरा हवा असेल तर खालीच यावं लागतं. हात पोचेल एवढ्या उंचीसाठी मग आयके१० दर्जाचं कवच घ्यायचं, ते २० ज्यूलचा आघात सोसतं.

आणखी एक गोष्ट याच चाचणीत दिसली. सकाळी ऊन फाटकाच्या मागून येतं आणि आत येणारा प्रत्येक जण काळी सावली होऊन जातो. डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही सांभाळणारी सोय) चालू केल्यावर चेहरे उजळले. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांवर ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ लिहिलेलं असतं. त्यात काढलेलंच चित्र नंतर उजळवतात, गेलेला तपशील परत येत नाही. खरा डब्ल्यूडीआर वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम जोडतो आणि त्याच्या माहितीपत्रकात १२० डीबीसारखा आकडा दिलेला असतो. फाटकासाठी हा हवाच.

१८ फेब्रुवारी

ॲनालॉग ठेवायचं की आयपीवर, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांवर जायचं यावर चर्चा. जुनी कोॲक्स चांगली असती तर तिच्यावर एचडी ॲनालॉग कॅमेरे लावून निभावलं असतं, आणि ज्यांच्याकडे ती चांगली आहे त्यांनी तसंच करावं. आपल्याकडे मात्र केबलच्या दोन धावांमध्ये बीएनसी जोडाच्या आत गंज आहे आणि एका चित्रात वर सरकणारे आडवे पट्टे आहेत. दोन टोकांना अर्थिंगची पातळी वेगळी असली की असे पट्टे येतात. त्यामुळे कॅट ६ ही नेटवर्कची केबल आणि पीओई, म्हणजे त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज.

रेकॉर्डर आणि कॅमेरे एकाच कंपनीचे असावेत का? सोपं पडतं, पण बांधून घ्यायचं नाही असं ठरवलं. ओएनव्हीआयएफ हे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जुळावीत यासाठीचं सामायिक मानक अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये पुढे आणलं. खरेदीत त्यातलं प्रोफाइल टी असणारेच कॅमेरे घ्यायचे, कारण एच.२६५ (चित्र कमी जागेत बसवायची पद्धत) त्यात येतं. नुसतं प्रोफाइल एस पुरत नाही. दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर चित्र येतं, पण माणूस-गाडी वेगळी ओळखण्यासारख्या सोयी येतीलच असं नाही. त्या हव्या असतील तर ती जोडी आधी जोडून बघायची.

पीओई स्विच निवडताना पोर्ट मोजून भागत नाही, एकूण वॅट बघावे लागतात. आपले कॅमेरे दिवसा चार-पाच वॅट घेतात, रात्री आयआर (इन्फ्रारेड) दिवे पेटले की नऊपर्यंत जातात. आठ नव्वे ७२. साठ वॅटचा आठ पोर्टचा स्विच दिवसभर सुरळीत चालला असता आणि अंधार पडला की एखादा कॅमेरा बंद-चालू होत राहिला असता. असे ‘फक्त रात्री जाणारे’ कॅमेरे लोक बदलत बसतात. १२० वॅटचा स्विच घेतला. ८०२.३एएफ मानकानुसार एका पोर्टला १५.४ वॅट मिळतात, त्यातले १२.९५ कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याची हमी असते. एवढं आपल्याला पुरेसं आहे.

२२ फेब्रुवारी

डिस्कचा हिशोब.

प्रत्येक कॅमेऱ्याला जास्तीत जास्त ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट), एच.२६५, सेकंदाला १५ फ्रेम. ४ मेगाबिट म्हणजे अर्धा मेगाबाइट. दिवसाला एका कॅमेऱ्याचे ४३.२ जीबी, आठांचे ३४५.६ जीबी. तीस दिवसांना १०.४ टीबी. सहा टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर ३४ दिवस मिळतात. रेकॉर्डर १२ ऐवजी १०.९ दाखवेल, तेव्हा कुणी फसवलं असं समजू नये. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, रेकॉर्डर १०२४ च्या.

हालचालीवरचं रेकॉर्डिंग लावलं तर जागा पुष्कळ वाचेल, पण फाटक, पार्किंग आणि जिना इथं मी ते लावणार नाही. पार्किंगच्या जुन्या चॅनेलवरचे रात्रीचे खंड पाहिल्यावर तर नाहीच. अखंड रेकॉर्डिंग करायचं आणि हालचालीच्या खुणा त्यावर फक्त शोधायच्या सोयीसाठी ठेवायच्या. गोदामाच्या आत मात्र हालचालीवर चालेल.

डिस्क सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच हवी. कारण लिहिण्याच्या ओझ्यात आहे. वर्षाला सव्वाशे टीबी लिहिले जाणार, दोन डिस्कमध्ये वाटले तरी प्रत्येकी साठाच्या वर. अनेक साध्या डेस्कटॉप डिस्क वर्षाला ५५ टीबीच्या हिशोबानं बनवलेल्या असतात, सर्व्हेलन्सच्या सर्रास १८० टीबीच्या. शिवाय साधी डिस्क एखादा खराब सेक्टर वाचायला अडखळली की पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते, तेवढ्यात आठ कॅमेऱ्यांच्या फ्रेम निसटतात. सर्व्हेलन्सची डिस्क तिथं अडून न बसता पुढे लिहीत जाते. एसएमआर (लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर चढवणाऱ्या) पद्धतीची डिस्क तर घ्यायचीच नाही, सीएमआर (पट्टे वेगळे ठेवणारी) असल्याची खात्री करून घ्यायची.

१ मार्च

वायरिंग सुरू. केबलचा खोका आल्यावर वायरमननं टोक सोलून तार सुरीनं खरवडून दाखवली. वरून तांबं, आत पांढरट चमक. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खोका परत पाठवला. अशा केबलवर डेटा जातोही, पण तिचा रोध जास्त असल्यामुळे लांब धावेवर पीओईची वीज वाटेतच खर्च होते, आणि क्रिम्प केलेला जोड वर्ष-दीड वर्षात सैल पडू लागतो. नव्या खोक्यातली तार आरपार तांबडी निघाली. सर्वांत लांब धाव पार्किंगच्या टोकाची, ८० मीटरच्या आत बसली. शंभराची मर्यादा ओलांडायची वेळ आली नाही.

प्रत्येक कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स, आरजे ४५ जोड बॉक्सच्या आत, आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक वळसा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत जोडात न जाता वळशाच्या तळाशी गळून पडेल. कॅमेऱ्यासोबत जोडावर बसवायची रबरी टोपी येते. ती बहुतेक ठिकाणी खोक्यातच राहून जाते. इथं वायरमननं ती एकेक करून आवळून बसवली आणि मला हात लावून बघायला लावलं. असा माणूस भेटला की काम निम्मं झालं.

दोन्ही टोकांना क्रमांकाच्या पट्ट्या लावल्या.

७ मार्च

कॅमेरे चढले. खरं काम सूर्य मावळल्यावर.

संध्याकाळी एकापाठोपाठ एक आठ कॅमेऱ्यांतून ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. सेन्सरसमोरचा आयआर कट फिल्टर बाजूला सरकल्याचा. चित्र रंगीतचं काळं-पांढरं झालं आणि आयआर पेटले. लाइव्ह बघताना सगळं छान दिसत होतं. पहारेकरी काकांनी पडद्याकडे बघून ‘झकास’ म्हटलंही. मग सहकाऱ्याला फाटकातून नेहमीच्या चालीनं यायला सांगितलं, रेकॉर्डिंग उघडलं आणि चालतानाची एक फ्रेम थांबवली. चेहऱ्याच्या जागी पुसलेली रेघ.

कारण शटर. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा अंधारात शटर १/२५ सेकंदापर्यंत उघडं ठेवतो. माणूस सेकंदाला १.४ मीटर चालतो, म्हणजे तेवढ्यात तो साडेपाच सेंटिमीटर सरकतो. आपल्या फाटकावर ते १७-१८ पिक्सेल होतात, आणि चेहरा अख्खा पन्नासाचा. शटर १/१०० वर बांधलं की सरक चार-पाच पिक्सेलवर येते. मग प्रकाश चौथाईच मिळतो आणि चित्र काळवंडतं. कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल, वाढवून ते उजळवता येतं, पण त्यानं दाणे येतात, दाण्यांनी बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) फुगतो, आणि बिटरेटला मर्यादा असल्यामुळे चेहऱ्याचा तपशीलच मार खातो. म्हणून फाटकावर एक साधा एलईडी दिवा लावायचं ठरवलं. रात्रीच्या चित्रासाठी कॅमेऱ्याच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा या दिव्याचा उपयोग जास्त होईल. वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे १/५० किंवा १/१०० ला दिव्याची लुकलुकही चित्रात येत नाही.

जिन्यात वेगळीच अडचण. डोम कॅमेरा भिंतीला फार जवळ होता. भिंतीवरून परतलेला आयआर लेन्समध्ये शिरून अर्धं चित्र पांढरं. कॅमेरा थोडा फिरवल्यावर गेलं.

९ मार्च

नंबर प्लेटचा कॅमेरा. शटर १/१०००, गेन कमी, लेन्स १२ मिलिमीटर, गाडीच्या वाटेशी कोन ३० अंशांच्या आत. रात्री या चौकटीत प्लेट सोडून सगळं काळं दिसतं. प्लेट आयआर परावर्तित करते, त्यामुळे हेडलाइटच्या झोतातही अक्षरं स्वच्छ. पहारेकरी काका सकाळी सांगत आले, ‘तो एक कॅमेरा रात्री बंद असतो.’ त्यांना रेकॉर्डिंगमधला गाडी येण्याचा क्षण दाखवला. प्लेट आणि चेहरा ही दोन्ही कामं एकाच कॅमेऱ्याकडून होत नाहीत. दोघांना शटर वेगळं लागतं.

१४ मार्च

जाळं आणि पासवर्ड. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र जाळ्यावर), तिथून बाहेर इंटरनेटला वाट नाही. राउटरवर यूपीएनपी (उपकरणांना आपणहून बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, नाही. बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएननं, म्हणजे कूटबद्ध खासगी जोडणीतून. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा, लांब पासवर्ड. रोज बघणाऱ्यांसाठी फक्त बघता येईल असं वेगळं खातं, त्यातून काही पुसता किंवा बदलता येत नाही.

हे अति वाटणाऱ्यांसाठी २०१६ ची आठवण. मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डाइन या डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना तासन्‌तास मिळेनाशा झाल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्यांच्या पडद्यावर चित्र नेहमीसारखंच येत होतं.

शेजारच्या घराची खिडकी पार्किंगच्या चौकटीत येत होती, तिच्यावर प्रायव्हसी मास्क टाकला. मायक्रोफोन सगळे बंद. कॅमेरे असल्याची पाटी फाटकावर, आत शिरायच्या आधी वाचता येईल अशी.

१६ मार्च

घड्याळ. रेकॉर्डर एनटीपीवरून (नेटवर्कवरच्या वेळेच्या सेवेवरून) वेळ घेईल, कॅमेरे रेकॉर्डरकडून. नुसत्या आतल्या घड्याळाच्या क्रिस्टलवर सोडलं तर दहा लाखांत वीस भागांची चूकही महिन्याला जवळपास मिनिटभर होते. जुन्या डीव्हीआरची अकरा मिनिटं अशीच साठलेली. आतली सीआर२०३२ बॅटरीही संपलेली निघाली.

२० मार्च

यूपीएस. स्विच आणि रेकॉर्डर मिळून रात्रीचा भार सुमारे ११० वॅट. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवर, प्रत्यक्षात अर्धा तास धरावा. तेवढा हवा तेवढाच आहे. वीज काढून मोजून पाहिलं, बसलं. सहा महिन्यांनी पुन्हा असंच मोजायचं. बॅटरी न सांगता म्हातारी होते.

१९ जून

पहिल्या मोठ्या पावसानंतर सगळे बॉक्स उघडून पाहिले. आठही जोड कोरडे.

तक्रार भलतीच आली. मागच्या दाराच्या कॅमेऱ्यावरून रात्रभर हालचालीचे इशारे. रेकॉर्डिंग लावलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून खालपर्यंत एक जाड पांढरा दोर झुलतोय, मधे धुक्यासारखा पट्टा. दिवसा तिथं काही दिसेना. शिडी लावून जवळून पाहिलं तेव्हा कवचाच्या कडेपासून लेन्ससमोरून गेलेला कोळ्याचा एकच धागा, त्यावर पावसाचे बारीक थेंब. आयआरच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्सपासून दोन बोटांवरचा धागा आयआरमध्ये उजळून दोरखंडाएवढा दिसतो. तिथला कॅमेऱ्यातला आयआर बंद करून भिंतीवर दोन मीटर बाजूला वेगळा आयआर दिवा लावला. किडे आता दिव्याकडे.

कवच पुसण्याबद्दल सफाई करणाऱ्या मावशींशी बोलून घेतलं. कोरड्या फडक्यानं धूळ घासायची नाही, ती काच नसून प्लास्टिक असते आणि बारीक ओरखडे रात्री आयआरमध्ये पांढरे पेटतात. आधी फुंकणीनं धूळ उडवायची, मग ओलसर मायक्रोफायबर. अमोनिया असलेलं काच साफ करायचं द्रावण वापरायचं नाही. त्यांनी विचारलं, ‘जाळ्यासाठी केरसुणी चालेल का?’ कवचाभोवतीच्या भिंतीवर चालेल, कवचावर नको.

२७ ऑगस्ट

आजची नोंद लांब, कारण सगळ्यांनी वाचावी अशी आहे.

दर महिन्याला प्रत्येक चॅनेलवर एक दिवसाचं आणि एक रात्रीचं रेकॉर्डिंग उघडून बघायचं असा नियम केला आहे. या वेळी जिन्याच्या चॅनेलवर परवा रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये चित्र अचानक चौकोनी तुकड्यांत फुटलं, काही सेकंद थांबलं, पुढे सरळ झालं. लाइव्ह चित्र निर्दोष. रेकॉर्डरच्या पडद्यावर ‘डिस्क: सामान्य’. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे उघडले. पाचवी ओळ, बदललेले सेक्टर: २४. एकशे सत्त्याण्णववी ओळ, वाचायला अडणारे सेक्टर: १६. जुलैच्या नोंदीत दोन्ही शून्य आहेत.

हे आकडे लहान दिसतात, पण शून्यावरून हलले आणि वाढत चालले की डिस्कवर विसंबायचं नाही. डिस्कचं तापमान ५३ अंश होतं. कुणीतरी रेकॉर्डरच्या कपाटात फायलींचे गठ्ठे ठेवून मागच्या जाळ्या बुजवल्या होत्या. गठ्ठे काढले, पंखा साफ केला, संध्याकाळपर्यंत तापमान ४१ वर आलं.

ठेवायचं फुटेज आधी बाहेर काढलं, मग डिस्क बदलली. वॉरंटीत आहे, तरी परत देणार नाही. तिच्यावर महिनाभराचे लोकांचे येण्याजाण्याचे चेहरे आहेत. पुसता आली तर पुसून, नाहीतर भोकं पाडून निकालात.

एक विचार मनात राहिला. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे इथं वॉल्टर ब्रुख या अभियंत्यानं व्ही-२ रॉकेटचं उड्डाण सुरक्षित अंतरावरून बघता यावं म्हणून बंदिस्त टीव्ही यंत्रणा उभी केली. त्या काळी चित्र टेपवर साठवायची सोयच नव्हती, समोर बसून बघणारा माणूस हाच सगळा उपयोग. आपल्या इमारतीत समोर बसून कुणी बघत नाही. आपल्याला उपयोग आहे तो फक्त साठवलेल्याचा, आणि तरीही ‘कॅमेरे चालू आहेत का?’ या प्रश्नाला प्रत्येक जण लाइव्ह चौकटींकडे बोट दाखवून हो म्हणतो. म्हणून महिन्याच्या तक्त्यातून ‘कॅमेरा चालू’ हा रकाना मी काढून टाकला आहे. त्याजागी तीन रकाने: सर्वांत जुन्या रेकॉर्डिंगची तारीख, काल रात्री तीन वाजताच्या फ्रेममध्ये काय दिसलं ते शब्दांत, आणि घड्याळातला फरक सेकंदांत. हे रकाने रेकॉर्डिंग उघडल्याशिवाय भरताच येत नाहीत.

डिस्क बिघडली तर वाजणारा बझर आणि इमेलवरचा इशारा, दोन्ही आज चालू करून, एक डिस्क मुद्दाम काढून तपासले. बझर वाजला, इमेल आली.

११ ऑक्टोबर

पार्किंगमध्ये एका गाडीचं दार घासून दुसरी गाडी निघून गेली. वरच्या कार्यालयातल्या ताईंची गाडी, त्यांनी फुटेज मागितलं. वेळ ‘जेवणानंतर कधीतरी’ एवढीच ठाऊक होती. गाडीच्या दाराभोवती चौकोन आखून हालचालीच्या खुणा शोधल्या, दहा मिनिटांत क्षण सापडला. प्लेटच्या कॅमेऱ्यावर तीच गाडी बाहेर पडताना, दोन्ही घड्याळं सेकंदाला जुळलेली.

देण्याची पद्धत लिहून ठेवतो. आधी तो कालखंड रेकॉर्डरवर लॉक केला, म्हणजे त्यावर पुन्हा लिहिलं जाणार नाही. मग घटनेच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच मिनिटं धरून मूळ स्वरूपात प्लेअरसह काढलं, सोबत साधी एमपी४ प्रत. मोबाइलनं पडद्याचं शूटिंग करून देणं बंद; त्यात पिक्सेल जातात आणि खरेपणाही सांगता येत नाही. मूळ फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) वहीत, कुणी मागितलं, कुणी काढलं, केव्हा काढलं, तेही. ताईंना फक्त त्यांच्या घटनेचं फुटेज दिलं. त्या आधीच्या तासाभरात कोण कुणासोबत आलं-गेलं हे त्यांनी सहज विचारलं, ते दाखवलं नाही. त्यांनीही मनावर घेतलं नाही.

६ डिसेंबर

सहामाही काम. यूपीएस वीज काढून मोजला, २६ मिनिटं चालला. सगळ्या कॅमेऱ्यांचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) तपासलं; दोघांना सुरक्षेची नवी आवृत्ती होती. आधी मागच्या दाराचा कॅमेरा अद्ययावत करून एक रात्र चालू दिला, मगच प्लेटचा. अद्ययावत केल्यावर मागच्या दाराच्या कॅमेऱ्याचं शटर पुन्हा ऑटोवर गेलेलं आढळलं. सेटिंगची फाइल मार्चमध्ये जपून ठेवली होती, ती भरली.

गोदामाच्या कॅमेऱ्याचं दिवसाचं चित्र जांभळट आहे, झाडाची पानं गुलाबी दिसतात. आयआर कट फिल्टर सरकल्या जागी अडकला आहे; हातानं दिवस-रात्र बदलून पाहिलं, टिक् आवाज येत नाही. हा कॅमेरा बदलायचा. दार उघडलं कधी आणि बंद कधी झालं एवढाच तिथला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर जांभळ्या चित्रातही मिळतं, त्यामुळे घाई नाही. नवा येईपर्यंत आहे तो चालू ठेवला आहे. बदलताना लेन्स ४ मिलिमीटरचीच घ्यायची, पट्टी बॉक्सवर लावलेली आहे.